खंजिरीवरचा हात

पार्बताबाईचा दिवस पहाटे चार वाजता सुरू व्हायचा. गजर लावायची तिला गरज नव्हती. चारला तिचा डोळा उघडायचा म्हणजे उघडायचाच. चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, ठेचा रगडायचा, दोन डबे बांधायचे आणि फटफटताना वावराचा रस्ता धरायचा. हिवाळ्यात पहाटेचा कापूस दवानं ओला असतो. ओला वेचला की काट्यावर जास्त भरतो, म्हणून पुष्कळ बाया लवकर जातात. पार्बताबाईही लवकर जायची, पण दव सुकेपर्यंत बांधावरचं गवत कापायची. पाण्याचं वजन आपल्या मेहनतीत धरायचं नाही, असं तिचं होतं. तिचा नवरा सहदेव दोन बकऱ्या राखायचा. तो म्हणायचा, "तुह्या इमानदारीवर बकऱ्या तेवढ्या जाड्या झाल्या."

तिचं दुसरं काम म्हणजे खंजिरी. निंभोरी गावात बायांचं भजनी मंडळ निघालं तेव्हा ती लग्न होऊन नवीनच आली होती. खंजिरी धरायला कोणी तयार नव्हतं, म्हणून ती हिच्या हातात आली आणि मग तिथंच राहिली. कापसाच्या वाळल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, बोटांचे शेंडे फाटून निघतात. पार्बताबाई वेचताना उजव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळायची. त्यानं वेचणी मंदावते. ती भरून काढायला ती दुपारच्या भाकरीला बसायची नाही, उभ्यानंच खायची. बाया हसायच्या. ती म्हणायची, "हसा. संध्याकाळी याच बोटायवर नाचसान."

आणि नाचायच्याही. कारण पुढं गायला आशाबाई असायची.

आशाबाई एसटीतल्या कंडक्टरची बायको, आता विधवा. आवाज मोठा नव्हता, पण लांब जायचा. तिची एक खोड होती. अंतरा संपताना ती वरचा सूर धरायची आणि सोडायचीच नाही. ऐकणाऱ्याचा जीव वर यायचा. त्या सुराच्या शेवटाला, अगदी शेवटाला, खंजिरीवर थाप पडायची आणि आशाबाई त्या थापेवर पाय ठेवल्यासारखी खाली उतरायची. थाप लवकर पडली तर सूर चिरडायचा. उशिरा पडली तर आशाबाईचा श्वास संपायचा. तीस वर्षं ती थाप पार्बताबाईची होती. दोघींनी त्यावर कधी चर्चा केली नाही. आशाबाईनं मागं वळून पाहिलं, असंही कधी झालं नाही.

पेटीवर गीतांजली. ती दोघींपेक्षा वयानं बरीच लहान, खुशालरावांची बायको. गावात सगळ्यात मोठं वावर त्यांचं. पार्बताबाई त्यांच्याकडेच वेचायला जायची. गीतांजली माणूस म्हणून वाईट नव्हती. वजनात मारत नव्हती आणि मजुरी दर बाजाराच्या आदल्या संध्याकाळी हातावर ठेवायची.

मग सरपंचपद बायांसाठी राखीव निघालं. गावातल्या एका गटानं गीतांजलीला उभं केलं, दुसऱ्यानं आशाबाईला. एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसलेल्या बाया दोन वेगळ्या ऑटोंमधून प्रचाराला फिरल्या. "पेटी वाजवता येते म्हून गाव चालवता येते काय?" असं आशाबाई चौकात बोलली. "रोज एकच गाणं गाणाऱ्या बाईनं आमाले शिकवू नये," असं गीतांजलीनं उत्तर दिलं. थोडक्या मतांनी आशाबाई पडली. निकालाच्या संध्याकाळी गुलाल उधळत मिरवणूक नेमकी तिच्या दारावरून गेली आणि मुद्दाम तिथं थांबली. दुसऱ्या दिवशी पेटी गीतांजलीच्या घरी गेली, टाळ आणि सतरंजी आशाबाईकडे राहिली. गावात दोन मंडळं झाली.

खंजिरी पार्बताबाईची स्वतःची होती. तिला कुठं न्यायचं, एवढंच उरलं.

सार्वजनिक नळावर आशाबाईनं तिला गाठलं.

"पार्बता, तू कोणाकडे बसून राहिली?"

"तूच सांग ना वो."

"म्या काहून सांगू? वावर त्यायचं, वेचणी त्यायची. तुह्यं पोट तिकडे आहे, तर हातबी तिकडेच ने. माह्या घरात सून आहे. दामिनी वाजवन."

"दामिनीले ठेका येते. पण तुह्या मागं चालाले वखत लागते, आशा."

"म्हंजे तुह्याबिगर माह्यं गाणं बंद पडन, असं वाटते काय तुले?"

पार्बताबाईला तसं म्हणायचं नव्हतं. पण आशाबाईची घागर भरली होती, ती उचलून ती निघून गेली. "नको जाऊ तिकडे" एवढं ती बोलली असती तर पार्बताबाईनं वावर सोडलं असतं की नाही, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. पण आशाबाई ते बोलली नाही. पार्बताबाई गीतांजलीच्या मंडळात बसली. तिथं गाणारी बाई सुरात होती, ठाकठीक होती; सूर कधी धरून ठेवायची नाही. पार्बताबाई पूर्ण ताकदीनं वाजवायची. अर्धं वाजवणं तिला जमत नसे.

डिसेंबरात अंजनगावला तालुक्याची भजन स्पर्धा होती. निंभोरीची दोन्ही मंडळं त्यात उतरली. स्पर्धेचं नाव भजनाचं, पण आठवडाभर गावात लोक बोलत होते ते निवडणुकीसारखंच. कोण कोणाला पाडतं!

जाण्याच्या दिवशी पार्बताबाईनं भाकरी ताटात तशीच ठेवली.

"पेपर आहे काय तुह्या?" सहदेव म्हणाला.

"दामिनीचा हात अजून पक्का नाई. आशा सूर धरन. पोट्टी चुकन."

"मंग चुको ना. तू दुसऱ्या पार्टीची."

तिनं जांभळी साडी नेसली. गीतांजलीच्या मंडळाच्या सगळ्या बायांना तीच होती. खंजिरी फडक्यात गुंडाळली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. गाणारं मंडळ वर मंचावर. त्याच्यानंतर ज्याचा नंबर, ते मंडळ आपली वाद्यं घेऊन खाली पहिल्या ओळीत. दुपारी जेवणानंतर निंभोरीचं पहिलं मंडळ पुकारलं गेलं, ते आशाबाईचं. पुढचा नंबर गीतांजलीचा. म्हणून पार्बताबाई मंचाच्या अगदी पायथ्याशी बसली होती, मांडीवर खंजिरी. हॉलमध्ये गारवा होता. गारव्यात कातडं सैल पडतं आणि आवाज फुसका होतो, म्हणून ती तळहातानं कातडं चोळत ऊब देत होती. तसं सगळेच करतात.

आशाबाईनं पहिलं भजन व्यवस्थित काढलं. दामिनीही बरी चालली. पार्बताबाईच्या खांद्यातला ताण जरा उतरला. दुसऱ्या भजनात लय चढली. दामिनीच्या कपाळावर घाम आला, तिचं लक्ष सासूऐवजी स्वतःच्या बोटांकडे गेलं. बोटांकडे पाहून खंजिरी वाजत नाही. शेवटचा अंतरा आला. आशाबाईनं वरचा सूर धरला. हॉल गप्प झाला. पेटीवर दुसऱ्या गावाहून आणून मंडळात रीतसर नाव घातलेली बाई होती, तीही थांबली. आशाबाई सूर धरून उभी. दामिनी वाट पाहत होती, कशाची तेच तिला कळत नव्हतं. आशाबाईच्या गळ्याजवळची शीर फुगली. पार्बताबाईला ती शीर दिसली. श्वास संपत आला होता. आता. आता पडली नाही तर सूर फुटणार.

थाप पडली. खणखणीत, वेळेवर.

आशाबाई त्या थापेवर उतरली. मागच्या बायांनी ओळ उचलली, दामिनीनं ठेका पकडला, हॉलमध्ये टाळ्या पडल्या. एक क्षण पार्बताबाईला फार बरं वाटलं. मग तिनं खाली पाहिलं. तिचा उजवा हात कातड्यावर होता. जांभळ्या साडीतल्या सगळ्या बाया तिच्याकडे पाहत होत्या.

गीतांजली उठून उभी राहिली होती.

"हरकत आहे," तिनं परीक्षकांकडे बोट करून मोठ्यानं सांगितलं. "मंडळाबाहेरची साथ घेतली यायनं. नियमात बसत नाई."

नियम तसा होताच. स्पर्धा समितीचे अध्यक्ष देवमनजी, पांढरे केस, शांत माणूस, यांनी परीक्षकांशी कुजबुज केली आणि माईक हातात घेतला. आशाबाईचं मंडळ बाद. शिवाय बाहेरची साथ घेतल्याबद्दल पुढची दोन वर्षं स्पर्धेत बंदी. "कोणाला निर्णयाविरुद्ध हरकत घ्यायची असेल तर पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत फी भरून घेता येईल," असं त्यांनी शेवटी सांगितलं आणि पुढचं मंडळ पुकारलं.

दोन वर्षं. आशाबाईला दम लागायला लागला होता, हे पार्बताबाईला आवाजावरूनच कळत होतं. दोन वर्षांनी तो वरचा सूर राहणार नव्हता. बंदी म्हणजे आशाबाईचं स्पर्धेतलं गाणं संपलं.

मंचावर चढताना गीतांजली तिच्या कानाशी आली. डोळे चमकत होते.

"काकू, काय डाव टाकला वो! म्या विचारबी केला नोयता."

"डाव नाई टाकला, वहिनी. हात पडला."

"हो हो, पडला," गीतांजली हसली. "असाच पडू द्या."

पार्बताबाईनं वाजवलं. हातात कसर ठेवली नाही. ज्या बायांनी महिनाभर तालीम केली होती, त्यांच्या मेहनतीवर तिला आपला हिशेब चुकता करायचा नव्हता. गीतांजलीच्या मंडळाला पहिला नंबर मिळाला. ढाल घेऊन परत येताना जीपमध्ये बाया एकमेकींना टाळ्या देत होत्या आणि मधूनमधून पार्बताबाईच्या पाठीवर थोपटत होत्या. "दिसते कशी गरीब!" असं कोणीतरी कौतुकानं बोललं. तिनं सांगून पाहिलं, पुन्हा सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितक्या त्या जास्त हसत.

घरी साडी बदलून ती सरळ आशाबाईच्या दारात गेली. आशाबाई ओट्यावर बसली होती. दामिनी आतून डोकावली. डोळे रडून सुजलेले.

"आशा, म्या मुद्दाम नाई केलं."

आशाबाईनं पदरानं ओट्यावरची धूळ झटकली.

"तुह्या श्वास संपून राहिला होता. हात आपोआप पडला. चूक झाली वो माही."

"चूक?" आशाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. "तीस वर्स तुह्या हात आयकून राहिली म्या. लग्नात, मौतीत, तापात वाजवलं तू. कधी चुकली काय? एकडाव तरी? कोणाचाबी हात चुकन, पार्बता. तुह्या नाई चुकत."

आयुष्यभर जो हात जपला, तोच तिच्याविरुद्ध साक्ष देत होता.

"मंग हरकत घे," ती शेवटी म्हणाली. "समितीनं सांगतलं ना, बाजारापरेंत..."

"म्या? त्यायच्या दारात जाऊन हात जोडू? निवडणुकीत नाई जोडले कोणाले, आता जोडू? जा तू. सकाळी वेचणीले जाणं आहे तुले."

तो आठवडा पार्बताबाईनं कसा काढला ते तिलाच ठाऊक. चारला डोळा उघडायचा, भाकरी थापून व्हायची, पण तिच्या डब्यातली संध्याकाळी तशीच परत यायची. वावरात बाकीच्या बाया स्पर्धेचीच गोष्ट काढायच्या. गीतांजली दिवसाआड वावरात चक्कर मारायची, तिला बांधावर बोलावून चहा द्यायची. तो चहा गिळताना तिला वाटायचं, सगळं गाव पाहून राहिलं. दोन ओळींच्या पलीकडे दामिनी दुसऱ्याच्या वावरात वेचत होती. ती मान वर करायची नाही.

एका संध्याकाळी सहदेव म्हणाला, "जे तू नाई केलं त्याच्यापायी जेवण कावून सोडून राहिली?"

"केलं ना. हात तर माहाच होता."

"मंग आता काय करतं?"

"हरकत घ्यावी म्हणते."

सहदेवनं बिडी विझवली. "कोणाविरुद्ध? आपल्याच मंडळाविरुद्ध? सरपंचबाई वावरात पाय ठेवू देईन काय तुले मंग?"

"नाई देणार."

"फी कुठून भरशील?"

"वेचून."

सहदेव उठून बकऱ्यांना चारा टाकायला लागला. "यावर्षी तूर चांगली आहे," तो म्हणाला. "कापाले-सोंगाले माणसं लागतीनच कोणाले तरी." यापेक्षा जास्त तो बोलणारा माणूस नव्हता.

त्या आठवड्यात पार्बताबाईनं चिंध्या गुंडाळल्या नाहीत. चिंध्यांशिवाय हात जलद चालतो. बोटांचे शेंडे फाटले, कापसाला रक्ताचे ठिपके लागायला लागले, तेव्हा ती ते बोंड वेगळं काढून बोट पदराला पुसायची. डागी कापूस मालकाच्या ढिगात टाकायचा नाही. पण दव सुकायच्या आत मात्र ती या आठवड्यातही वेचायला लागली नाही. एवढी घाई असूनही ती बांधावर बसून सूर्याकडे पाहत राहायची, पाय हलवत. बाजार जवळ येत होता. वजन पुरेल की नाही, देवमनजी भेटतील की नाही, ऐकतील की नाही. नाही ऐकलं तर? तर मजुरी गेली, वावर गेलं आणि आशाबाई तर आधीच गेलेली.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी काट्याजवळ गीतांजली मजुरी वाटत होती. पार्बताबाईचा नंबर आला.

"काकू, या आठवड्यात तर कमालच केली तुमी. काय घेता? पैंजण?" ती हसून म्हणाली. मग तिची नजर बोटांकडे गेली. "अगं माय! हे काय करून घेतलं? परवा आपला कार्यक्रम आहे ना अकोटले!"

पार्बताबाईनं नोटा कमरेच्या पिशवीत ठेवल्या आणि तिथंच उभी राहिली. न सांगता जाता आलं असतं. पण ज्याच्या वावरातून पैसे घेतले त्याच्या पाठीमागं ते वापरायचे, हे तिला पटेना.

"वहिनी, याची म्या उद्या हरकत फी भरून राहिली. आशाच्या बंदीवर."

गीतांजलीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा पडला. राग नंतर आला.

"म्हंजे ढाल परत मांगसान तुमी?"

"ढाल नाई मांगत. ढाल तुमच्या मेहनतीची आहे, माह्याबी मेहनतीची आहे. बंदी तेवढी खोटी आहे."

"लोक काय म्हणतीन? सरपंचबाईच्या मंडळातली बाई सरपंचबाईच्या विरोधात गेली! ते आशाबाई तर गावभर ढोल वाजवन."

"ते बोलत नाई माह्याशी."

"मंग कोणासाठी करून राहिल्या तुमी हे?"

पार्बताबाईनं कमरेच्या पिशवीची गाठ आवळली. गीतांजलीनं वही मिटली. "वावरात येऊ नका मंग," ती म्हणाली. "अन् अकोटलेबी." थोडं थांबून तिनं मागून आवाज दिला, "बोटायले हळद लावा." पार्बताबाई वळली नाही.

दुसऱ्या दिवशी अंजनगावच्या बाजारात ती पहिल्या एसटीनं उतरली. देवमनजींचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बंद होतं. ती पायरीवर बसली. ऊन चढलं. भाजीवाल्यांनी पालं ताणली. आजचा दिवस गेला तर संपलं. शेजारच्या चहावाल्याला तिनं इतक्या वेळा विचारलं की तो वैतागला. "माय, येतीन ना! दवाखान्यात गेले ते." शेवटी देवमनजी आले, हातात औषधांची पिशवी. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

"तुम्ही तर जिंकलेल्या मंडळातल्या. तुमची कसली हरकत?"

"आशाबाईच्या मंडळावर बंदी घातली त्याची. साथ त्यायनं घेतली नाई. म्या दिली. न मांगता."

देवमनजींनी कुलूप काढलं, तिला आत स्टुलावर बसवलं. "मुद्दाम?"

"नाई."

"मग कशी दिली?"

"तिचा श्वास संपून राहिला होता, जी."

देवमनजींनी एका उघड्या मशीनचं चाक उगाच फिरवलं. "त्या दिवशी मलाही वाटलं होतं," ते म्हणाले, "की गाणारी बाई आता सुरातून पडते. पण वाटण्यावर निर्णय देता येत नाही. समितीपुढं ठेवावं लागेल. फी भरावी लागेल, ती परत मिळत नाही. निर्णय तुमच्या बाजूनं होईलच, असंही मी सांगत नाही."

"सांगू नका. ठेवा तेवढं."

त्यांनी फोन लावले. समितीतले दोघं बाजारातच होते, आले. त्यांच्यासमोर तिला पुन्हा सगळं सांगावं लागलं. एकानं विचारलं, "तुमच्यावर कोणी दबाव आणला का?" दुसऱ्यानं, "आशाबाईनं पैसे दिले का?" तिनं दोन्ही वेळा नाही म्हटलं. त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं. आतलं बोलणं तिला ऐकू येत होतं, पण शब्द लागत नव्हते. तिच्या फाटल्या बोटांत कळ मारत होती. मध्ये एक जण हसला, तेव्हा तिला वाटलं, झालं.

देवमनजी बाहेर आले. "नंबर तसेच राहतील. साथ झाली, त्यामुळे त्यांचं मंडळ यंदा बादच. पण बंदी काढली. पुढच्या वर्षी आशाबाई गाऊ शकतात. निरोप तुम्ही द्याल की मी देऊ?"

"तुमीच द्या," पार्बताबाई म्हणाली. "माह्याकडून गेला तर ते घ्यायची नाई."

तिनं कमरेची पिशवी सोडली. आठवड्याची वेचणी देवमनजींच्या टेबलावर गेली. जे उरलं त्यात निंभोरीचं एसटीचं बायांचं अर्धं तिकीट आलं, आणि हळदीची एक पुडी.